मुंबई ते न्यूअर्क: अंतर एकच, मग जायला १६ तास आणि यायला साडेचौदा कसे?

रानजाई | १४ नोव्हेंबर, ०७:१०

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई इकडे अमेरिकेत येते आहे. साताऱ्याहून मुंबई, मुंबईहून न्यूयॉर्कशेजारचं न्यूअर्क, आणि तिथून आमचं घर अर्ध्या तासावर. वय ६८. बाबा गेल्यानंतरचा तिचा हा पहिला मोठा प्रवास आणि तोही एकटीचा. काल फोनवर तिने एवढंच विचारलं, "विमानात किती वेळ बसायचं गं?" आणि मला धड उत्तर देता आलं नाही.

अंतर सांगणाऱ्या एका वेबसाइटवर १२,५४० किमी आणि "अंदाजे १४ तास" असं दिसतं. तिकिटावर मुंबईहून सुटायची वेळ रात्री १:२०, न्यूअर्कला पोचायची त्याच तारखेला सकाळी ६:५०. परतीचं तिकीट मे महिन्यातलं आहे, तिकडून दुपारी १२:१० ला सुटून दुसऱ्या दिवशी बरोबर १२:१० ला मुंबई. पुण्याची ताई म्हणते जायला १५ तास, माझ्या हिशेबाने १६. वेबसाइट १४ वर ठाम.

खरं काय? जाताना जास्त आणि येताना कमी, असं का? आणि एवढा वेळ सलग बसवण्यापेक्षा मध्ये थांबा घेऊन आणावं का? तिकीट बदलायला अजून आठवडाभर मुदत आहे, म्हणून घाईने विचारते आहे.

सांगलीकर_बापू | १४ नोव्हेंबर, ०७:४८

तुमचाच हिशेब बरोबर आहे. डिसेंबरात न्यूयॉर्क-न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागे असतं. १:२० ते ६:५० म्हणजे साडेपाच तास, त्यात साडेदहा मिळवा, झाले १६. ताईंनी साडेनऊ धरले असणार. तो उन्हाळ्यातला फरक. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. म्हणून मे महिन्यात साडेनऊ धरायचे. घड्याळाचे २४ तास वजा साडेनऊ, म्हणजे परतीला साडेचौदा.

दोघी बहिणींचं भांडण मिटलं असं समजू का?

रानजाई | १४ नोव्हेंबर, ०७:५५

मिटलं, बापू! ताईला लगेच पाठवते. पण १६ आणि साडेचौदा हा फरक राहिलाच की. आणि वेबसाइटचे १४?

मीठभाकर | १४ नोव्हेंबर, ०८:३०

सोपं आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान पश्चिमेला जाताना पृथ्वीच्या उलट दिशेने जातं, म्हणून जास्त वेळ.

चिंचबोरं | १४ नोव्हेंबर, ०८:४१

@मीठभाकर, मग तर उलट व्हायला हवं ना? न्यूअर्क फिरत फिरत आपल्याकडे येतंय, आपण त्याच्याकडे चाललोय. लवकर भेट व्हायला पाहिजे.

मीठभाकर | १४ नोव्हेंबर, ०८:४४

अरेच्चा. हा विचार केलाच नव्हता.

नभांगण | १४ नोव्हेंबर, ०९:५०

मी उड्डाणांचं नियोजन करणाऱ्या विभागात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पृथ्वी फिरते तेव्हा तिच्याबरोबर हवाही फिरते, आणि विमान त्या हवेत उडतं. धावत्या लोकलच्या डब्यात तुम्ही पुढे चाला की मागे चाला, डबा ओलांडायला तेवढाच वेळ लागतो. तसंच हे. त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याने वेळेत थेट फरक पडत नाही. पडतो तो वाऱ्याने. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी १५०-२०० किमी वेग नेहमीचाच, कधी त्याच्या दुप्पटही. हिवाळ्यात यांचा जोर जास्त. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध असलाच तर इथे, कारण या वाऱ्यांना पूर्वेकडे वळण त्यामुळेच मिळतं.

स्कॉलरशिपच्या पुस्तकातलं नाव आणि प्रवाहाचं गणित आठवा. नाव तीच, नदी तीच. प्रवाहाबरोबर लवकर, प्रवाहाविरुद्ध उशिरा.

आता तुमच्या तिकिटाचा हिशेब मांडू. १२,५४० किमी हे गोलावरचं सगळ्यात कमी अंतर. प्रत्यक्षात विमान बंद हवाई हद्दी, वादळं, ठरलेले मार्ग हे सगळं टाळत-धरत जातं, म्हणून १३,००० धरू. मोठ्या विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमीच्या आसपास. जाताना समोरून वारा सरासरी ४० किमी धरला तर जमिनीच्या मानाने वेग उरतो ८६०. म्हणजे १५ तास आणि थोडी मिनिटं. तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते, त्यात मुंबईला रांगेत उभं राहणं आणि तिकडे उतरल्यावर गेटपर्यंत जाणं धरून पाऊण तास. झाले १६. येताना वारा पाठीवर ३० किमी धरा, वेग ९३०. साधारण १४ तास, वर अर्धा तास. साडेचौदा.

तुमच्या वेबसाइटने काय केलंय, १२,५४० ला सरळ ९०० ने भागलंय. १३.९. वारा नाही, वळसा नाही, धावपट्टी ते गेट जमिनीवर जाणारा वेळ नाही.

वाऱ्याचे हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. खरे आकडे रोज बदलतात, म्हणून मार्गही रोज नव्याने आखतात. उत्तर अटलांटिकवर तर वाऱ्याचा अंदाज पाहून दिवसातून दोनदा मार्गांचा संच जाहीर होतो, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी आणि रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी.

पानगळ | १४ नोव्हेंबर, १०:०५

नभांगण, काय सुंदर समजावलंत! लोकलचा डबा कायम लक्षात राहील.

सांगलीकर_बापू | १४ नोव्हेंबर, १०:२०

एक गंमत. वारा जाताना-येताना सारखाच असला तरी फिट्टंफाट होत नाही. १३,००० ला ९०० ने भागलं तर १४ तास २७ मिनिटं. समोरून ४० किमी वारा असेल तर ४० मिनिटं वाढतात, पाठीवर ४० असेल तर ३७ च मिनिटं वाचतात. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. आठवीच्या मुलांना हे गणित मी दर वर्षी घालत असे, फक्त विमानाऐवजी कृष्णेतली नाव.

कोकणकडा | १४ नोव्हेंबर, ११:३०

वाऱ्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्याकडचं. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला असतो. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को डायरेक्ट विमान डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालं. आधी ते युरोप आणि अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशाच बदलली आणि पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला लागले. अंतर १,४०० किमीने वाढलं, जवळपास १५,३०० किमी झालं. आणि वेळ? सुमारे दोन तासांनी कमी झाला! साडेचौदा तास. वारा पाठीवर घेतला म्हणून.

त्यामुळे कोणी "अंतर किती" विचारलं की मी आधी "कुठल्या बाजूने" विचारतो.

तिरकीट | १४ नोव्हेंबर, ११:५२

माझा एक जुना प्रश्न. सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान मुंबईहून निघून पार नॉर्वे-आइसलँडकडे चढतं आणि मग खाली न्यूयॉर्कला उतरतं. अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक असं सरळ का जात नाहीत? इंधन वाचेल.

ध्रुवतारा | १४ नोव्हेंबर, १४:१५

तिरकीट, तुमच्या प्रश्नाने जुने दिवस आठवले. मी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारायचं आणि मला फार आनंद व्हायचा.

घरात पृथ्वीगोल असेल तर आत्ता घ्या. माझा अप्पा बळवंत चौकातून आणलेला १२ इंची आहे, पितळी आरीचा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. सैल असेल तर अरबस्तानावर पडेल. ताणत गेलात की तो आपोआप वर सरकतो. मध्य आशिया, रशिया, मग स्वीडन-नॉर्वे, आइसलँडच्या अंगाने ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडा, आणि खाली न्यूयॉर्क. पूर्ण ताणला की तो थांबतो. तोच सर्वांत जवळचा मार्ग. माझ्या गोलावर हा दोरा ३० सेंटिमीटर भरतो. तुम्ही म्हणता तशी, नकाशावरची सरळ रेघ गोलावर उतरवली तर ३४ सेंटिमीटर. प्रत्यक्षात ती रेघ सुमारे १४,२०० किमीची होते, म्हणजे दीड हजार किमीहून जास्त लांब.

सपाट नकाशात ध्रुवाकडचा भाग ताणून रुंद केलेला असतो. भिंतीवरचा नकाशा बघून वाढलेल्या डोळ्यांना वाकडं दिसतं ते गोलावर सरळ असतं. मुंबईहून निघताना दिशा पश्चिमेपेक्षा उत्तरेच्या जास्त जवळची असते, हे मुलांना सांगितलं की त्यांचा विश्वासच बसायचा नाही. म्हणून दोरा हातात द्यायचो.

तिरकीट | १४ नोव्हेंबर, १४:४०

सर, पृथ्वीगोल नाही, मोसंबीवर करून पाहिलं. खरंच वर सरकतो दोरा! मोसंबी नंतर खाल्ली.

मांडवीकाठ | १४ नोव्हेंबर, १५:१०

धागा वाचतोय. आमच्या गोव्यात आता दोन विमानतळ, म्हणून लोक आधी विचारतात, दाबोळी की मोपा? मडगावच्या माणसाला मोपा गाठायचं म्हणजे अख्खा गोवा दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायचा. रानजाई, आईंच्या प्रवासात सातारा-मुंबई रस्ता नक्की धरा. शरीराला तोही मोजावा लागतो.

केवडा_७२ | १४ नोव्हेंबर, १८:२५

मूळ प्रश्नाकडे येते. माझं मत स्पष्ट आहे: थांबा घ्या. १६ तास सलग म्हणजे गुडघेदुखी असलेल्या बाईला शिक्षा. मी दोन्ही वेळा आखातातून गेले. सात-आठ तासांत एकदा पाय मोकळे होतात, तोंडावर पाणी मारता येतं, चहा मिळतो.

पानगळ | १४ नोव्हेंबर, १८:५०

केवडाताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण इथे मी पूर्ण विरोधात. माझ्या सासूबाई अशाच एकट्या निघाल्या होत्या. मुंबईहून विमान दीड तास उशिरा सुटलं आणि मधल्या विमानतळावर पुढचं गेलं होतं. त्या नऊ तास एका बाकावर बसून राहिल्या. व्हीलचेअरवाला मुलगा "येतो" म्हणून गेला तो आलाच नाही. उठलं तर जागा जाईल, सामान जाईल या भीतीने त्या बाथरूमलासुद्धा गेल्या नाहीत. फोनला तिकडचं सिम नाही, वायफायला ओटीपी हवा. शेवटी एका केरळी नर्सने स्वतःच्या फोनवरून आम्हाला कळवलं. त्या मुलीचं नावही आम्हाला माहीत नाही, पण देवासमोर बसल्यावर सासूबाई अजून तिच्यासाठी हात जोडतात.

कागदावर तो थांबा अडीच तासांचा होता. पहिल्यांदा, एकटी, ६८ वय, तर डायरेक्टच.

केवडा_७२ | १४ नोव्हेंबर, १९:१५

हे वाचून पोटात कालवलं. मी दोन्ही वेळा यजमानांबरोबर होते, हा फरक मी धरलाच नव्हता. एकट्या माणसासाठी तुमचं म्हणणं पटतं.

शेवंती | १४ नोव्हेंबर, २१:३०

डॉक्टर म्हणून चार गोष्टी.

विमानात हवा दाबलेली असते, पण समुद्रसपाटीइतकी नाही. आतलं वातावरण साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असावं तसं असतं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे सोळा तास आई कळसूबाईच्या माथ्याहूनही विरळ हवेत बसणार आहेत, आणि ती हवा अतिशय कोरडी असते. निरोगी माणसाला त्रास होत नाही, पण दम्याचा, हृदयाचा त्रास असेल तर आधी तपासून घ्या.

खरा धोका पाय लोंबते ठेवून तासन् तास बसण्याचा. पोटऱ्यांत रक्त साकळू शकतं. दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चालून यायचं. बसल्या बसल्या टाचा वर-खाली. जागा मधल्या वाटेलगतची घ्या, खिडकीची नको. शेजारच्याला उठवायला संकोच वाटतो म्हणून आपल्या बायका पाणीच पीत नाहीत, हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

मधुमेह किंवा बीपीची गोळी असेल तर वेळापत्रक त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. पश्चिमेला जाताना दिवस साडेदहा तासांनी लांबतो, गोळ्यांचा हिशेब चुकतो. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट.

रानजाई | १४ नोव्हेंबर, २२:०५

शेवंतीताई, आई अगदी तशीच आहे. एसटीतसुद्धा पाणी पीत नाही. वाटेलगतची जागा आजच बदलून घेते. पानगळ, तुमच्या सासूबाईंचं वाचून रडू आलं. डायरेक्ट पक्कं.

चिंचबोरं | १५ नोव्हेंबर, ०८:१२

हसू आणणारी आठवण सांगते. आमची आजी जानेवारीत अशाच रात्री दीडच्या विमानाने गेली. आदल्या दिवशी एकादशी. द्वादशीला उजाडलं की पारणं, हा तिचा नेम. आमच्या काकाला म्हणाली, उजाडलं की सांग. काका बिचारा दर तासाला खिडकीची झापड उघडून बघतोय. अंधार. जेवण आलं, परत गेलं. दुसरं आलं, परत गेलं. हवाई सुंदरी काळजीने विचारायला लागली, आजी आजारी आहेत का? पंधरा तास उजाडलंच नाही! शेवटी विमान उतरताना आभाळ तांबडं झालं. आजीने तिथेच पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू काढला आणि पाणी पिऊन उपवास सोडला. म्हणाली, एवढी लांबलचक द्वादशी विठोबानेच दिली.

ध्रुवतारा | १५ नोव्हेंबर, ०९:००

चिंचबोरं, आजींना नमस्कार. यामागचा भूगोलही तितकाच गोड आहे. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किमी वेगाने पूर्वेकडे सरकते. ६० अंश अक्षांशावर याच्या बरोबर निम्म्याने, ८३५ किमी. आणि विमानाचा पश्चिमेकडचा वेग किती? नभांगण यांच्या हिशेबाने ८६०. म्हणजे त्या पट्ट्यात विमान रात्रीच्या सोबतीनेच चालतं. सूर्य मागून येतो, पण गाठू शकत नाही. त्यात डिसेंबर-जानेवारीत तिकडची रात्र मुळातच मोठी.

रानजाई, आईंना हे आधी सांगून ठेवा. नाहीतर घड्याळ भारतातली दुपार दाखवेल आणि बाहेर काळोख, जीव घाबरतो.

वऱ्हाडी_वाघ | १५ नोव्हेंबर, १०:३०

आम्ही नागपूरवाले. मुंबईपेक्षा दिल्लीहून गेलं तर अंतर कमी पडते ना जी? दिल्ली तर उत्तरेला हाय.

नभांगण | १५ नोव्हेंबर, ११:१०

गोलावर कमी पडतं, हो. दिल्ली-न्यूयॉर्क पावणेबारा हजार किमीच्या घरात. पण आकाशात कुंपणं असतात. बालाकोटनंतर फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीपासून १६ जुलै २०१९ पर्यंत पाकिस्तानची हद्द बंद होती. २४ एप्रिल २०२५ पासून ती भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंद झाली आणि मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली. दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला आधी खाली गुजरातच्या बाजूला यावं लागतं, मग समुद्रावरून वळसा. तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला थांबवावी लागली. मुंबई समुद्राकाठी असल्याने तिला हा फटका कमी बसतो.

तसंच रशियाचं. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, भारतीय कंपन्या जाऊ शकतात. म्हणजे ध्रुवतारा सरांचा दोरा एकच, पण कोणाच्या विमानाने किती वळसा घ्यायचा हे देशादेशांवर.

वऱ्हाडी_वाघ | १५ नोव्हेंबर, ११:२५

समजलं भाऊ. जमिनीवरचं भांडण वरपर्यंत जाते.

कोकणकडा | १५ नोव्हेंबर, १२:००

अवांतर: सध्याचं जगातलं न थांबता जाणारं सगळ्यात लांबचं नियमित विमान सिंगापूर-न्यूयॉर्क, १५,३०० किमीहून जास्त, साडेअठरा तासांच्या पुढे. सिडनी-लंडन डायरेक्टची तयारी चालू आहे, ते १७,००० किमी. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं २०,००० किमीहून लांब असूच शकत नाहीत, कारण तो अर्धा घेर झाला. म्हणजे शेवट जवळ आलाय.

मीठभाकर | १५ नोव्हेंबर, १२:२०

अजून एक शंका, कालच्यासारखी फजिती करू नका. माझ्या भाच्याने हेच अंतर ६,७७० सांगितलं आणि त्याच्या मित्राने ७,८००. बारा हजार कुठले मग?

सांगलीकर_बापू | १५ नोव्हेंबर, १२:३१

फजिती कसली, विचारलंत ते बरं केलंत. तिघंही बरोबर. ६,७७० हे सागरी मैल, ७,८०० आपले साधे मैल. सागरी मैल १.८५२ किमीचा, साधा १.६०९ चा. वैमानिक सागरी मैलात मोजतात.

मोडीलिपी | १५ नोव्हेंबर, २०:४५

सगळे प्रतिसाद वाचले आणि मन वेगळीकडे गेलं. कल्याणच्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. ५८ दिवस. वय १८. नवरा बरोबर नाही, आपलं माणूस बरोबर नाही, नऊवारी नेसून, शाकाहार सांभाळत. तिकडे त्यांना उतरवून घ्यायला आलेल्या कार्पेंटरबाईंना त्यांनी तोवर फक्त पत्रांतून ओळखलं होतं. त्या वेळी घरच्यांना "पोचले" हे कळायलाही किती वाट पाहावी लागली असेल!

मग ८ जून १९४८ ला मुंबई-लंडन विमान सुरू झालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत. मे १९६० मध्ये ते लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत गेलं. आणि मुंबई-न्यूयॉर्क न थांबता थेट, ते ऑगस्ट २००७ मध्ये. आनंदीबाईंपासून त्या १६ तासांपर्यंत यायला सव्वाशे वर्षं लागली. मला त्यांचं फार वाटतं. या रस्त्याने एकटी जाणारी प्रत्येक बाई पाहिली की त्या आठवतात.

रानजाई | १५ नोव्हेंबर, २१:३०

मोडीलिपी, हा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला एक रात्र काढायचीय फक्त. त्यात काय."

केवडा_७२ | १५ नोव्हेंबर, २१:५०

वा! आता कामाचं. एका कागदावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहून द्या: लेकीचं नाव, पत्ता, फोन, किती दिवस राहणार, परतीची तारीख. पासपोर्टमध्येच ठेवा. व्हीलचेअर दोन्ही टोकांना सांगून ठेवा. आणि ताजी फळं अजिबात नकोत. माझ्या पिशवीतली दोन चिकू मी विसरले होते, तिकडे काढून घेतली आणि वेगळ्या रांगेत उभं केलं. चटण्या, लाडू, मेतकूट चालतं, फक्त विचारलं की "आहे" म्हणून सांगायचं.

तिरकीट | १६ नोव्हेंबर, ०७:३०

पाय मोकळे करायला उठल्या की मागच्या दाराच्या छोट्या खिडकीतून बघायला सांगा. उत्तरेकडची बाजू असेल आणि नशीब असेल तर हिरवा उजेड, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, हलताना दिसतो. मला आइसलँडच्या आसपास दिसला होता. आधी वाटलं पंखावरच्या दिव्याचं प्रतिबिंब आहे. मग तो पडद्यासारखा सरकला, घडी पडली, परत उलगडला. शेजारी एक शीख आजोबा उभे होते, त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. दोघंही काही बोललो नाही.

नभांगण | ३ डिसेंबर, २३:१०

रानजाई, धागा वर काढतोय. आईंचं निघायचं कधी?

रानजाई | ७ डिसेंबर, ११:४०

मंडळी, आई पोचली!! कालचा दिवस नुसता मिठ्या मारण्यात गेला म्हणून आज लिहिते.

नभांगण, तुमच्यासाठी आकडे लिहून ठेवलेत. गेट सोडलं १:४२ ला, बावीस मिनिटं उशिरा. चाकं उचलली २:०८ ला. उतरलं इथल्या ६:३४ ला, गेटला ६:४७. म्हणजे हवेत १४ तास ५६ मिनिटं आणि गेट ते गेट १५ तास ३५ मिनिटं. आणि मांडवीकाठ, साताऱ्याच्या घराला कुलूप लावलं तिथल्या दुपारी १२ ला, आमच्या दारात पाऊल ठेवलं इथल्या सकाळी ९ ला. साडेएकतीस तास.

शेवंतीताई, ती आठ वेळा उठून चालली. मोजून. पाणीही प्यायली, कारण शेजारी नांदेडची एक मुलगी होती, पहिल्यांदाच शिकायला निघालेली. तिला रडू येत होतं म्हणून आईने तिला डिंकाचा लाडू दिला आणि मग रात्रभर दोघी बोलत बसल्या. हिरवा उजेड नाही दिसला. उजाडत नाही याची मात्र अजिबात भीती वाटली नाही म्हणे, उलट त्या मुलीला तिनेच समजावलं की सूर्य आपल्या मागून येतोय.

ध्रुवतारा सर, आज सकाळी नात पृथ्वीगोल घेऊन आजीसमोर बसली. घरात दोरा सापडेना. शेवटी आईने लोणच्याच्या बरणीचा दादरा सोडला आणि त्याचा दोरा घेतला. लेकीने मुंबईवर बोट ठेवलं, आईने आमच्या गावावर. ताणल्यावर मध्य बरोबर स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या निळ्या पट्टीवर आला. आई चष्मा वर करून तिथे बघत राहिली आणि म्हणाली, "इथे कुठेतरी ती पोर माझ्या खांद्यावर झोपली होती."

ध्रुवतारा | ७ डिसेंबर, १२:०५

बोथनियाचं आखात म्हणतात त्याला. आईंना माझा नमस्कार सांगा.

चिंचबोरं | ७ डिसेंबर, १२:३०

लोणच्याचा दादरा परत बांधलात ना?

रानजाई | ७ डिसेंबर, १२:३४

बांधला. दोरा मात्र लेकीने ठेवून घेतला, आता तिला सातारा ते चंद्र मोजायचंय.